चौकटीबाहेरची घाण : सफाईच्या कामावरचे तीन चित्रपट आणि समीक्षकाचा निवाडा



या टिपणात आपण अलीकडच्या तीन चित्रपटांचा निवाडा करणार आहोत : विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आणि जोनाथन ग्लेझर यांचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३). पहिला जपानी भाषेत आहे, दुसरा मुख्यतः मराठीत आणि तिसरा मुख्यतः जर्मनमध्ये. पहिल्या आणि तिसऱ्याला कान महोत्सवात पुरस्कार मिळाले, दुसऱ्याला व्हेनिसमध्ये. पण त्यांना एकत्र आणण्याचे कारण पुरस्कार हे नाही. तिन्ही चित्रपटांत कोणीतरी दुसऱ्याने केलेली घाण साफ करत आहे, किंवा ती साफ करताना मेला आहे. विषय एकच असला की दिग्दर्शकांनी केलेल्या निवडी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि निवाडा कशाच्या आधारावर द्यायचा हे शिकता येते.

१. एक रस्ता, दोन कामे

बंगळुरूच्या इंदिरानगरात चिन्मय मिशन हॉस्पिटल रस्ता आहे. सगळे त्याला सीएमएच रोड म्हणतात. वरून मेट्रो धावते, खाली कपड्यांची आणि दागिन्यांची दुकाने आहेत. याच रस्त्यावर मॅक्स म्यूलर भवन आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांना ही संस्था जर्मन भाषेचे वर्ग आणि चित्रपटांचे खेळ यांमुळे माहीत असते. वेंडर्ससारख्या दिग्दर्शकांची ओळख भारतातल्या अनेक प्रेक्षकांना अशाच सभागृहांतून आणि फिल्म सोसायट्यांमधून झाली. २०२५च्या फेब्रुवारीत स्वतः वेंडर्स भारतात आले आणि मुंबई-पुण्यासह काही शहरांत त्यांचे चित्रपट दाखवले गेले.

इंदिरानगरचे रस्ते रोज सकाळी पौरकार्मिक झाडतात. बंगळुरूत सफाई कामगारांना हा शब्द आहे. त्यांच्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि बहुसंख्य दलित आहेत. जुलै २०२२ मध्ये कायम नोकरीच्या मागणीसाठी त्यांनी संप केला होता. आता विचार करा. अशा एखाद्या सभागृहात टोकियोतल्या सफाई कामगारावरचा सुंदर चित्रपट पाहून आपण बाहेर येतो. ज्या रस्त्यावर आपण उभे असतो, तो कोणीतरी सकाळीच झाडलेला असतो. पडद्यावरच्या झाडूचा आणि या झाडूचा काही संबंध आहे का? समीक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. मात्र त्याचे उत्तर भाषणातून नव्हे, चित्रपटातल्या शॉट्समधून काढावे लागते.

२. शिक्का म्हणजे निवाडा नव्हे

निवाडा म्हणजे काय हे समजण्यासाठी आधी निवाडा काय नसतो ते पाहू. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून मात्र फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ‘लापता लेडीज’ निवडला. पुढे फेडरेशनच्या अध्यक्षांनी ज्युरीचे मत सांगितले. त्याचा आशय असा होता की, कपाडिया यांचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे वाटले.

हे मत चूक की बरोबर, हा पुढचा प्रश्न. आधी विचारायचे ते असे : कोणता शॉट युरोपीय आहे? त्या चित्रपटात छाया कदम यांनी साकारलेली पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घराचे कागद हाती नाहीत म्हणून बिल्डर तिला घराबाहेर काढू पाहतो, आणि अखेर ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. यातले युरोपीय काय? कदाचित कॅमेऱ्याचा संथपणा, कदाचित पियानोचे संगीत, कदाचित कथेत जागोजागी ठेवलेले मौन. यांपैकी कशाकडेही बोट दाखवले असते, तर त्यावर वाद घालता आला असता. बोट दाखवले नाही, म्हणून तो केवळ शिक्का राहिला.

उलट दिशेचा शिक्काही तितकाच पोकळ असतो. ‘कानमध्ये पुरस्कार मिळाला, म्हणजे चित्रपट थोर’ असे म्हणणाऱ्यानेही कशाकडे बोट दाखवलेले नसते. ‘संथ’, ‘काव्यात्म’, ‘वैश्विक’, ‘महोत्सवी’ हे शब्द तुमच्या उत्तरपत्रिकेत आले, तर लगेच स्वतःला विचारा : कुठे? कोणत्या दृश्यात? जे वर्णन दुसऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर जाऊन पडताळून पाहता येते, त्यावरच निवाडा उभा राहू शकतो.

३. आपले मोजमाप : काय बाहेर ठेवले?

प्रत्येक शॉट थोडे दाखवतो आणि बाकीचे सगळे चौकटीबाहेर ठेवतो. त्यामुळे ‘या चित्रपटात अमुक दाखवलेच नाही’ ही तक्रार कोणत्याही चित्रपटाबद्दल करता येते, आणि म्हणूनच ती फारशी उपयोगाची नसते. त्याऐवजी हा प्रश्न विचारा : जे बाहेर ठेवले आहे, ते बाहेर आहे याची चित्रपटाला जाणीव आहे का?

जाणीव असेल, तर तिची खूण कुठेतरी सापडते. ती आवाजात असेल, एखाद्या हावभावात असेल, किंवा घटना संपल्यावरही कॅमेरा रेंगाळतो त्या क्षणात असेल. जाणीव नसेल, तर बाहेरचे जग केवळ गळून पडलेले असते. या मोजमापाने तिन्ही चित्रपट तपासू.

४. ‘परफेक्ट डेज’ : स्वच्छ स्वच्छतागृहे

कोजी याकुशो यांनी साकारलेला हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. या भूमिकेसाठी याकुशो यांना कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. हिरायामाला पहाटे जाग येते ती बाहेर रस्ता झाडणाऱ्या एका बाईच्या झाडूच्या आवाजाने. मग तो अंथरूण आवरतो, रोपांना पाणी देतो, यंत्रातून कॉफीचा डबा घेतो, गाडीत कॅसेट लावतो आणि कामावर जातो. भांड्याच्या कडेखालचा भाग नीट साफ झाला का, हे तो छोटा आरसा धरून तपासतो. दुपारी झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडाचा फोटो काढतो. रात्री वाचत वाचत झोपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे सगळे वेंडर्स ज्या संयमाने दाखवतात, त्याचे कौतुक करायलाच हवे. पडद्यावरचे काम बहुतेक वेळा दोन सेकंदांत उरकले जाते. इथे काम करणाऱ्या हाताला पूर्ण वेळ मिळतो. तो आरसा पाहिल्यावर हिरायामाचे काम हे कौशल्याचे काम आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपटातले एक दृश्य विशेष लक्षात ठेवा. एक हरवलेला मुलगा हिरायामाला स्वच्छतागृहात सापडतो. तो त्याचा हात धरून बाहेर आणतो. आई धावत येते, आभार मानत नाही, आणि हिरायामाने धरलेला मुलाचा हात ओल्या कागदाने पुसून काढते. संवाद जवळजवळ नाही. सफाई कामगाराबद्दल समाजाला वाटणारी किळस त्या एका कृतीत आहे. भारतातल्या प्रेक्षकाला ती कृती ओळखायला उपशीर्षक लागत नाही. या दृश्यात चित्रपटाला बाहेरच्या जगाची पक्की जाणीव आहे.

पण इतरत्र? चित्रपटातली स्वच्छतागृहे खरी आहेत. शिबुया भागात ‘द टोकियो टॉयलेट’ नावाच्या प्रकल्पात नामवंत वास्तुरचनाकारांनी अशी १७ स्वच्छतागृहे उभारली. तादाओ आंदो आणि शिगेरू बान त्यांपैकी दोन. बान यांच्या स्वच्छतागृहाच्या काचा आतून कडी लावली की अपारदर्शक होतात. वेंडर्स यांना आधी या प्रकल्पावर लघुपट करण्यासाठी बोलावले होते. त्यातून पुढे हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. हा उगम म्हणजे दोष नव्हे. पैसा कुठून आला यावरून चित्रपटाचा निवाडा होत नाही. मात्र उगमाची एक खूण पडद्यावर उरली आहे : या चित्रपटात घाण जवळपास दिसतच नाही. हिरायामा जे पुसतो, ते बहुधा आधीच चकचकीत असते.

दुसरी गोष्ट त्याच्या गरिबीची. हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोठ्या गाडीतून येते आणि ‘तू खरंच स्वच्छतागृहं साफ करतोस?’ अशा अर्थाचे विचारते. त्यावरून कळते की तो सधन घरातून आलेला असावा आणि हे आयुष्य त्याने स्वतः पत्करले असावे. इथे चित्रपट निसटतो. पत्करलेले साधेपण आणि वाट्याला आलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसाच्या लयीतला आनंद पहिल्या गोष्टीतून येतो, पण चित्रपट तो दुसऱ्या गोष्टीलाही चिकटवतो. सहकारी काम सोडून जातो तेव्हा हिरायामावर दुप्पट काम पडते आणि तो फोनवर चिडतो. शोषणाचा धागा तेवढ्यापुरता वर येतो आणि पुन्हा लपतो.

निवाडा : माणसाच्या चेहऱ्याबद्दल हा चित्रपट अत्यंत सजग आहे, त्याच्या कामाच्या अटींबद्दल नाही. शेवटच्या दीर्घ क्लोज-अपमध्ये हिरायामाच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकत्र येते. याकुशो यांच्या अभिनयामुळे तो शॉट अविस्मरणीय आहे. पण तो कशासाठी रडतो, हे सांगण्याची तयारी चित्रपटाने केलेली नाही.

५. ‘कोर्ट’ : जो एकाही शॉटमध्ये नाही

‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि भारताची ऑस्कर प्रवेशिका म्हणूनही तो पाठवला गेला. कथा थोडक्यात अशी : वीरा साथीदार यांनी साकारलेले लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की, त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली.

ज्याच्या मृत्यूवर हा सगळा खटला उभा आहे, तो वासुदेव आपल्याला एकदाही दिसत नाही. मॅनहोलच्या आतला अंधारही दिसत नाही. आपण पाहतो ते कोर्टातले पंखे, फायली, पुढच्या तारखा, कायद्याची कलमे एकसुरी वाचणारी सरकारी वकील. कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि स्थिर असतो. घटना संपली तरी तो हलत नाही.

मग वासुदेवची पत्नी साक्षीला येते. तिच्या उत्तरांतून कळते की त्याला संरक्षणाची साधने मिळत नव्हती. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे तो झुरळांवरून ठरवत असे. या साक्षीत अश्रू नाहीत, संगीत नाही, पूर्वदृश्य नाही. ती विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते आणि न्यायाधीश त्यांचा कोरडा गोषवारा टंकलेखनासाठी सांगतात. जिवंत बोलण्याचे कोर्टाच्या कागदात रूपांतर होताना आपण पाहतो.

चित्रपटाबाहेरचे दोन तपशील इथे उपयोगी पडतील. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा केंद्राचा सध्याचा कायदा २०१३ चा आहे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. कायदा आहे, भरपाईची रक्कम वाढते आहे, म्हणजेच मृत्यू थांबलेले नाहीत. ‘कोर्ट’ यातला एकही आकडा देत नाही. तो दाखवतो ते यंत्रणेचे चालणे. साधने न देणाऱ्यावर खटला नाही, खटला आहे तो गाणाऱ्यावर. आत्महत्येच्या आरोपाचा आधार ढासळतो आणि कांबळे यांना जामीन मिळतो, तेव्हा त्यांना दुसऱ्या, अधिक कठोर कायद्याखाली पुन्हा अटक होते.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. सगळे निघून जातात. शिपाई दिवे बंद करत जातो आणि अंधाऱ्या दालनावर कॅमेरा थांबून राहतो. मॅनहोलचा जो अंधार आपल्याला दाखवला नव्हता, त्याची आठवण मला या अंधाराने होते. चित्रपट तसे म्हणत नाही, पण ही आठवण शक्य होते ती वासुदेवला चौकटीबाहेर ठेवल्यामुळेच.

निवाडा : न दाखवण्याचा इतका काटेकोर उपयोग मराठी चित्रपटात क्वचितच झाला आहे. तरी एक आक्षेप. यानंतर सुट्टीवर गेलेले न्यायाधीश दिसतात. बाकावर डुलकी लागलेली असताना मुले त्यांना ओरडून उठवतात आणि ते एका मुलाला थप्पड मारतात. अंधाऱ्या दालनाने जे सांगून झाले होते, त्याखाली ही थप्पड रेघ ओढते. इतका वेळ प्रेक्षकावर विश्वास ठेवणाऱ्या चित्रपटाला शेवटी ती रेघ ओढण्याची गरज नव्हती.

६. ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ : भिंतीपलीकडचा आवाज

ग्लेझर यांचा चित्रपट ऑश्विट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस याच्या घरात घडतो. घराला लागून बाग, बागेला लागून छावणीची भिंत. ह्योसची पत्नी हेडविग हिला आपल्या बागेचा अभिमान आहे. कॅमेरा छावणीच्या आतले अत्याचार एकदाही दाखवत नाही. पण आवाज थांबत नाहीत : दूरच्या किंकाळ्या, गोळ्या, भट्ट्यांची अखंड घरघर. सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाबरोबरच ध्वनीसाठीचा ऑस्करही या चित्रपटाला मिळाला, त्यामागचे कारण चित्रपट ऐकताना कळते.

या घरात सतत काही ना काही साफ होत असते. ह्योसचे बूट बाहेर धुतले जातात आणि पाण्याबरोबर रक्त वाहून जाते. नदीत राख आणि हाड सापडल्यावर मुलांना घरी आणून घासून आंघोळ घातली जाते. राख बागेत खत म्हणून पसरली जाते. टापटीप घर आणि नरसंहार या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. टापटिपीच्या सवयीतच तो नरसंहार रिचवला जातो.

आणि मग शेवट. ह्योस जिन्यावर उभा असताना त्याला उमासे येऊ लागतात आणि चित्रपट एकदम वर्तमानात येतो. ऑश्विट्झ आज संग्रहालय आहे. दारे उघडण्यापूर्वी सफाई कामगार स्त्रिया आत येतात. गॅस कोठडी झाडतात. बळींच्या बुटांच्या ढिगाऱ्यापुढची काच पुसतात. कोणी काही बोलत नाही. त्यांचे रोजचे काम चालू आहे.

हे दृश्य आदराचे आहे की अस्वस्थतेचे? दोन्ही. कोणीतरी झाडले, पुसले नाही तर स्मृतीही टिकत नाही. आणि काच स्वच्छ झाली की तिच्यामागचे बूटही प्रदर्शनातली एक वस्तू होऊ शकतात. या स्त्रिया चित्रपटात तेवढ्याच वेळ आहेत. त्यांची नावे, त्यांचे पगार आपल्याला कळत नाहीत. पण त्यांच्याकडे पाहायला लावताना चित्रपट आपल्याला विचारतो की, तुम्ही काचेच्या कोणत्या बाजूला उभे आहात?

निवाडा : तिघांत सर्वांत कठोर आणि सर्वांत सजग चित्रपट. त्याची मर्यादाही सांगायला हवी. भिंतीपलीकडचा आवाज ही पद्धत अर्ध्या तासात आपल्या लक्षात येते, आणि मधल्या भागात तीच पुन्हा पुन्हा वापरल्याने तिची धार थोडी बोथट होते. शेवटचे दृश्य ती धार परत आणते.

७. एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

तुमच्यापैकी काही जण म्हणतील : कलाकृतीकडून सामाजिक अहवालाची अपेक्षा का करायची? वेंडर्स यांना शांत माणसाची कथा सांगायची होती, ती त्यांनी सांगितली.

आक्षेप योग्य आहे, म्हणूनच आपण ‘अमुक का दाखवले नाही’ असे विचारले नाही. आपल्या तिन्ही चित्रपटांपैकी सर्वांत कमी ‘दाखवणारे’ दोन चित्रपट आपण वरचे ठरवले. ‘परफेक्ट डेज’ मागे पडला तो घाण दाखवली नाही म्हणून नव्हे. घाण नसण्याची त्याला दखलच नाही, म्हणून. मुलाचा हात पुसणारी आई दाखवताना जी नजर वेंडर्स यांच्याकडे होती, तीच नजर कामाच्या अटींकडेही वळली असती, तर शेवटच्या क्लोज-अपमधले अश्रू अधिक खोल गेले असते. म्हणजे आपली तक्रारही शेवटी कलेचीच आहे.

निवाडा देणे म्हणजे गुण देणे नव्हे, हेही यातून दिसते. तिन्ही चित्रपट पाहण्यासारखे आहेत. कोणता का आणि कुठपर्यंत, हे सांगता येणे म्हणजे निवाडा. तुमचे मत या टिपणाच्या उलट असू शकते. त्या मताला एका तरी शॉटचा आधार द्या, एवढीच अट.

सरावासाठी

१. यांपैकी कोणत्याही एका चित्रपटातले पाच मिनिटांचे दृश्य निवडा. ते एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा डोळे मिटून ऐका. कोणती माहिती केवळ आवाजातून मिळाली, ते दहा ओळींत लिहा.

२. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘कोर्ट’मधला अंधार आणि हा दगड यांची तुलना करा. प्रेक्षकाला कोणता शॉट अधिक गुंतवतो, असे तुम्हाला वाटते? दृश्याचा आधार द्या.

३. ‘संथ’ हा शब्द न वापरता ‘परफेक्ट डेज’च्या गतीचे वर्णन करा.

४. तुमच्या महाविद्यालयाचा परिसर कोण झाडते, किती वाजता, कोणाच्या नेमणुकीवर, हे विचारून घ्या. नंतर त्या कामावरच्या तीन मिनिटांच्या चित्रफितीचा आराखडा तयार करा. त्यात काय चौकटीबाहेर ठेवाल, आणि ते बाहेर आहे हे प्रेक्षकाला कसे कळेल, हे स्पष्ट लिहा.